मार्वाची टाळी

“पाच आहेत गं चेलो. सहा हवे होते.”

मार्वाचा आवाज फोनवर नेहमीच कोरडा असतो, तसाच तेव्हाही होता. साडेदहा वाजून गेले होते. मी दुसऱ्या दिवशीच्या सहलीच्या डब्यांची यादी करत बसले होते, कोणाला मांस चालतं, कोणाला नाही.

“कोण नाहीये?”

“राखाडी टोपीवाला म्हातारा. प्रुइट.”

“आडोशाला गेला असेल कुठे लघवीला.”

“सव्वा तास? पोलिसांना लाव. हेलिकॉप्टर पाठवा म्हणावं. आणि त्याचा अर्ज काढून बघ, घरचा कोणाचा नंबर आहे का.”

मी अर्ज काढला. तो अर्ज फोनवर विचारून विचारून मीच भरला होता. ‘कुठून घ्यायचं’ या रकान्यात हॉटेलचं नाव होतं. ‘कुठे सोडायचं’ या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. मी विचारलं होतं, तेव्हा प्रुइट म्हणाले होते, “तेही लिहावंच लागतं का? सोडायचं नंतर बघू.” मी हसले होते. म्हटलं, व्हेगासचा माणूस दिसतोय, जुगाराच्या कुठल्या टेबलावर संध्याकाळ काढायची ते ठरत नसेल. आणि मारली रेघ. पण ‘काही झालं तर कोणाला कळवायचं’ म्हटल्यावर त्यांनी मुलीचा नंबर दोनदा सांगितला होता, एकेक आकडा सुटा करून, आणि माझ्याकडून तो परत म्हणवून घेतला होता.

आमचं दुकान दोन व्हॅनचं. व्हेगासला येणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना बाहेरचं वाळवंट विमानाच्या खिडकीतून दिसतं तेवढंच. उरलेले दहा तिसऱ्या दिवशी डोळे चोळत आमच्याकडे येतात आणि विचारतात, इथे बाहेर बघण्यासारखं काही आहे का हो? मग आम्ही त्यांना नेतो. धरणाखालचे गरम पाण्याचे झरे, ओस पडलेली चांदीची खाण, रानगाढवांचं पठार. आणि ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना सात टाकी. ही एक अरुंद दरी आहे. तिच्या कातळात पाण्याने कोरलेली सात टाकी आहेत, एकावर एक. पाऊस झाला तर भरतात, नाहीतर कोरडी असतात. सात टाकी ही मार्वाची सहल होती. दुसऱ्या कोणाला ती नेऊ द्यायची नाही.

मार्वाचं वय अठ्ठावन्न. इथे येण्याआधी बावीस वर्षं तिने कॅसिनोत पत्ते वाटले. मनगटं गेली तेव्हा नोकरी सोडली आणि आमच्याकडे आली. पण एक सवय राहिली. पत्ते वाटणाऱ्याने टेबल सोडताना एक टाळी वाजवायची आणि दोन्ही पंजे आधी उताणे, मग पालथे करून दाखवायचे असतात, म्हणजे छतातल्या कॅमेऱ्याला दिसावं की हाताला काही चिकटलेलं नाही. मार्वा ते कुठेही करायची. भांडी घासून झाली, टाळी. व्हॅनचं दार लावलं, टाळी. तिच्या नवऱ्याला पुरलं तेव्हा मूठभर माती टाकून ती मागे सरली आणि तिथेही टाळी वाजवून तिने पंजे दाखवले. तिची सासू आयुष्यात पुन्हा तिच्याशी बोलली नाही. मार्वाला आपण काय केलं हे मी घरी आल्यावर सांगितलं, तेव्हा कळलं.

मी पोलिसांना फोन केला, मुलीला केला. मुलीचं नाव जोलीन. राज्याची हद्द ओलांडून दोन तासांवरच्या गावात एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. मागे भांड्यांचा आवाज येत होता. “माझे बाबा? सहलीला?” ती म्हणाली, “ते तर घरी आहेत.” मग भांड्यांचा आवाज थांबला. मी पत्ता सांगितला. दुकान बंद केलं, बर्फाच्या दोन पेट्या दुसऱ्या व्हॅनमध्ये टाकल्या आणि निघाले.

मे महिना संपत आला होता. जूनपासून सात टाकी बंदच करतो आम्ही, उन्हामुळे. पोचायला सव्वा तास लागला. गाडीतून उतरले तर चपलेतून चटका बसला.

उरलेले पाच पाहुणे व्हॅनच्या सावलीत बसले होते. एक नवं जोडपं होतं, दोघी बहिणी होत्या आणि एक फोटो काढणारा मुलगा. नव्या नवरीने रडून डोळे लाल केले होते. मार्वा उभीच होती. तिच्या हातात पाण्याची बाटली होती, भरलेली. झाकणाचं सीलसुद्धा तुटलं नव्हतं.

“तिसऱ्या टाक्यापाशी दगडामागे ठेवून गेला,” ती म्हणाली.

मार्वाचा एकच नियम असे आणि तो ती दरीच्या तोंडाशी प्रत्येकाकडून म्हणवून घ्यायची: बाटली अर्धी झाली की माघारी. तहान लागो न लागो, टोक दिसो न दिसो, अर्धी झाली की फिरायचं.

“सगळ्यांबरोबर त्यानेही म्हटलं होतं,” मार्वा म्हणाली. “अर्धी झाली की माघारी. चांगलं मोठ्याने म्हटलं. चेलो, बाटली उघडलीच नाही तर अर्धी होणार कधी?”

तेवढ्यात पोलिसांची आणि शोधपथकाची माणसं येऊन पोचली. त्यांनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. त्यांचा प्रमुख शहाणा माणूस होता, त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. वाट चुकलेला माणूस उतार धरतो, खाली खाली जातो, हे त्याला वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. त्याने माणसं दरीच्या खालच्या अंगाला पाठवली. हेलिकॉप्टर वरून घिरट्या घालू लागलं. मार्वाला त्याने सांगितलं, “बाई, तुम्ही दोन तास उन्हात शोधलंय. आता इथून हलायचं नाही. मला आणखी एक माणूस शोधायला लावू नका.” मार्वा मान हलवून बसली. पाच पाहुण्यांना मी माझ्या व्हॅनमधून शहरात पाठवलं, पथकातल्या एकाने गाडी चालवली.

मग आम्ही दोघीच राहिलो. मार्वा कितीतरी वेळ दरीकडे बघत होती.

“सकाळी हॉटेलच्या दारातच मला कळलं होतं गं,” ती म्हणाली.

“काय कळलं होतं?”

“तो चेहरा. टेबलावर रोज एक तरी यायचा तसा. सगळं संपलं की माणूस एकदम शांत होतो. विनोद करतो, शेजारच्याला खुर्ची देतो. यानेही त्या पोरीला आपली खिडकीची जागा दिली. मी म्हटलं, अरे, हा तर संपलेला आहे. आणि दार लावून घेतलं.”

“तुला काय ठाऊक तो काय करणार आहे ते?”

“ठाऊक होतं,” ती म्हणाली. तिला धीर द्यायला हवा होता, पण माझ्या डोळ्यांसमोर ती आडवी रेघ होती. मी कुठल्या तोंडाने धीर देणार?

दोनच्या सुमाराला जोलीन आली. चाळिशीची होती. अंगात स्वयंपाकघरातला एप्रन तसाच होता, त्यावर सॉसचे डाग. येताना वाटेतच तिला हॉटेलमधून पोलिसांचा फोन आला होता. खोली आवरून ठेवलेली होती आणि उशीवर तिच्या नावाचं पत्राचं पाकीट होतं. बापाने घर विकलं होतं आणि त्याचे पैसेही व्हेगासच्या टेबलांवर घालवले होते, हे तिला गाडी चालवता चालवता कळलं. आई गेल्यापासून ते महिन्यातून एकदा बस धरून कुठेतरी जातात एवढं तिला माहीत होतं. विचारलं की म्हणायचे, जरा फिरून येतो.

ती सरळ मार्वापुढे येऊन उभी राहिली. “सहल तुम्ही नेली होती?”

“हो.”

“माझ्या बाबांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. एक पोर कधी मागे राहिलं नाही. झोपलेलं पोरसुद्धा सीटखालून शोधून काढायचे. आणि तुम्हांला सहा माणसं मोजता आली नाहीत?”

“मोजली होती,” मार्वा म्हणाली. “तिसऱ्या टाक्यापाशी मोजली, नऊ वाजून दहा मिनिटांनी. सहा होते. मग मी दोर बांधायला पाठ वळवली. चौथ्या टाक्यावर मोजली, पाच होते.”

मोजणी झाली की नेणारा पाठ वळवतो, हे बस चालवणाऱ्याला माहीत असणारच. जोलीनच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ती नजर वळवून दरीकडे बघू लागली. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मार्वाचं सांगून संपलं होतं. तिच्या हातांनी आपलं आपण केलं. एक टाळी वाजली, पंजे उताणे झाले, पालथे झाले.

त्या उन्हात टाळी दरीत जाऊन परत ऐकू आली.

“झटकलेत हात?” जोलीन म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. “झालं तुमचं? सुटलात?”

“अहो, तसं नाही,” मी मध्ये पडले. “ती आधी पत्ते वाटायची. सवय आहे ती तिची, तिला कळतही नाही...”

“पत्ते वाटायची,” जोलीन म्हणाली. “वा. म्हणजे तिथेही तुम्हीच आणि इथेही तुम्हीच.”

मार्वाचे हात तसेच हवेत राहिले होते. तिने ते हळूहळू खाली घेतले. कोणीतरी पहिल्यांदाच दाखवावेत तसे ती आपलेच पंजे बघत होती. मग वाकून तिने खोक्यातली एक बाटली उचलली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि दरीकडे चालू लागली.

“मार्वा, अगं साहेबांनी हलू नको म्हटलंय.”

“ते हरवलेल्या माणसाला शोधतायत, चेलो,” ती मागे न बघता म्हणाली. “हा हरवलेला नाही. हरलेला आहे. हरलेला माणूस दाराकडे जात नाही. भिंतीला पाठ लागेल अशी शेवटची खुर्ची बघतो.”

मी तिला अडवू शकले असते. नाही अडवलं.

त्यानंतरचे दीड तास आम्ही व्हॅनच्या सावलीत काढले. जोलीनला मी बर्फाचा फडका दिला, तो तिने हातात नुसता धरून ठेवला. पाणी टपकून संपलं. एकदा ती म्हणाली, “मागच्या रविवारी बाबा आले होते. सगळ्या भांड्यांच्या मुठी आवळून दिल्या. कढया, तवे, सगळ्या. मी म्हटलं, बाबा, बसा की जरा. ते म्हणाले, हे एकदा नीट होऊन जाऊ दे.” मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, याला जगव, मी पुन्हा कोणाला हसणार नाही.

चारला दहा कमी असताना शिट्टी वाजली. तीनदा. फार वरून, सातव्या टाक्याच्याही पलीकडून.

“काय आहे? काय आहे ते?” जोलीनने माझा दंड धरला.

“सापडले,” मी म्हटलं. “तीन म्हणजे माणूस सापडला, मदत पाठवा.”

जिवंत की कसा, ते शिट्टीत सांगता येत नाही. ते मी तिला सांगितलं नाही.

पथकाची माणसं खालच्या अंगाहून धावत आली आणि वर चढली. सातव्या टाक्याच्या डोक्यावर एक चीर आहे, तिसऱ्या टाक्याच्या बाजूच्या घळीतून रांगत तिथवर चढता येतं; वर कातळाचं छत, त्यामुळे हेलिकॉप्टरला ती दिसत नाही. तिथे स्ट्रेचर घेऊन, दोर लावून पोचायलाच त्यांना पाऊण तास लागला. पाच वाजता प्रमुख एकटाच खाली आला. टोपी त्याने हातात घेतली होती. त्याला बोलायची गरज पडली नाही. जोलीन होती तिथेच वाळूवर बसली.

मार्वा सगळ्यांच्या मागून उतरली. गुडघे फुटले होते, तोंड सोलवटलं होतं. काखेत प्रुइटांची राखाडी टोपी होती. ती जोलीनसमोर खाली बसली. जोलीनने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही पोचलात तेव्हा होते का?”

“होते,” मार्वा म्हणाली. “अर्धा तास होते. बोलत होते.”

“काय बोलत होते?”

“पहिल्यांदा म्हणाले, तुम्ही जा. मी नाही गेले. पाणी पुढे केलं तर नको म्हणाले. मग मी नुसतीच बसले. हात धरून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, जोलीनला कळलं का? मी म्हटलं, खाली आली आहे, कामाचे कपडे न बदलता आली आहे. तेव्हा त्यांनी बाटली मागितली. थोडं थोडं करून प्यायले. अर्धी झाली तेव्हा मी म्हटलं, प्रुइट, अर्धी झाली. आता काय करायचं? तर म्हणाले, माघारी फिरायचं.” मार्वा थांबली. “उठायचा प्रयत्न केला हो त्यांनी. माझ्या खांद्याला धरून गुडघ्यावर आले होते. त्यांना यायचं होतं खाली. छातीनं साथ दिली नाही.”

तिने बाटली पुढे केली. तीत बरोबर अर्धं पाणी होतं. जोलीनने ती घेतली, टोपी घेतली आणि दोन्ही पोटाशी धरून ती रडायला लागली. इतका वेळ अडवलेलं ते रडणं होतं, तिला श्वास पुरेना. मीही रडले. मार्वा रडली नाही. तिचे हात मोकळे झाले होते आणि आता ती टाळी येणार असं मला वाटलं, मी धास्तावून बघत होते. तिने दोन्ही मुठी मिटून काखांमध्ये दाबून धरल्या.

परत येताना व्हॅन मी चालवली. शहराच्या इमारती दिसू लागल्या तेव्हा ती बोलली.

“आणखी एक बोलले ते. ते मी तिला नाही सांगितलं.”

“काय?”

“म्हणाले, सकाळी व्हॅनचं दार लावून तुम्ही टाळी वाजवलीत, तेव्हाच ओळखलं मी तुम्हांला. टेबलावरच्या बाई. मला बरं वाटलं, म्हणाले. म्हटलं, या बाईला चेहरे वाचता येतात. ही म्हणेल, प्रुइट, आज नको, उतरा खाली. मी वाट बघत होतो, म्हणाले. पहिल्या टाक्यापर्यंत बघितली. दुसऱ्या टाक्यापर्यंत बघितली.”

मी गाडी कडेला घेतली. मला समोरचं नीट दिसेना.

“आम्हांला बोलायचं नसतं ना,” मार्वा म्हणाली. “पहिल्याच दिवशी शिकवतात. पाहुणा अंगावरचा कोट डावावर लावायला निघाला तरी थांब म्हणायचं नाही. तो त्याचा खेळ आहे. बावीस वर्षं मी चेहरे वाचले आणि तोंड मिटून पत्ते वाटले. त्याचाच पगार होता, चेलो. तिथून सुटले असं मला वाटत होतं.”

“माझ्याकडेही बोलून गेले होते गं ते,” मी म्हटलं आणि तिला त्या आडव्या रेघेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तुझी चूक नाही असं ती म्हणाली नाही, मीही तिला म्हणाले नाही. आम्ही दोघी तिथे बसून राहिलो, शेजारून गाड्या भरभर जात होत्या.

तिने पंधरा दिवसांनी नोकरी सोडली. मालकाने समजावलं, चौकशीत तिच्यावर काही आलं नव्हतं, जोलीननेही तक्रार केली नव्हती. पण मार्वाने ऐकलं नाही. दुपारी दुकानात आली. शिट्टी, दोराची पिशवी, टोपी असं एकेक माझ्या टेबलावर ठेवलं. सगळ्यात शेवटी व्हॅनच्या किल्ल्या ठेवल्या. मी सवयीने टाळीची वाट पाहिली. ती वाजली नाही. मुठी मिटून ती वळली आणि दाराकडे निघाली. दारात थांबून म्हणाली, “बरंय चेलो. डबे वेळेवर करत जा. लोक उपाशी राहिले की दरीत कुरकुरतात.” आणि हसली. फार शांत हसली.

मी पेन टाकून उठले.

“मार्वा, थांब,” मी म्हटलं. “कुठे चाललीस?”

“बघू.”

“बघू नाही. कुठे सोडायचं ते सांग.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रस्त्यावरून एक बस गेली, तिच्यावर कुठल्यातरी कॅसिनोची जाहिरात होती.

“घरी,” ती म्हणाली.

मी दुकानाला कुलूप लावलं. गाडीत तिला पुढे बसवलं, तिचा पट्टा मीच लावला. सबंध वाटेत तिच्या दोन्ही मुठी मांडीवर होत्या, आणि मिटलेल्या होत्या.